शेजारच्या आजी-आजोबांचा टीव्ही बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत, आणि मग ओळखीपाळखीतून सिडको, जेल रोड, म्हसरूळपर्यंत, आम्ही काही शेजारी गेली काही वर्षं लोकांच्या घरी टीव्हीचे डबे, म्हणजे सेट टॉप बॉक्स, बसवायला मदत करतो. बहुतेक घरी एकटी आजी असते, किंवा दोघंच म्हातारे असतात, नाहीतर डोळ्यांची, कानांची, हातापायांची अडचण असलेलं कुणी. मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर परदेशात. डबा जोडायला वीस मिनिटं लागतात, पण आजींना तो एकटीने चालवता यायला पंधरा दिवस जातात. त्या पंधरा दिवसांत अडल्यावर हाक कुणाला मारायची हे ठरलेलं नसेल, तर ती हाक भलत्याच माणसाच्या कानी पडते. शेजाऱ्यांनी आम्हाला जे पुन्हा पुन्हा विचारलं, ते इथे लिहून ठेवलं आहे.

नाशिकमध्ये केबल केव्हाच डिजिटल झाली. मग आता बदलायचं काय राहिलं?

बरोबर आहे. २०११ साली केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि देशभर टप्प्याटप्प्याने डबा सक्तीचा झाला. दहा लाखांवर वस्तीच्या ३८ शहरांच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिक होतं. त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. दूरदर्शनची जुनी, ॲन्टेनावर दिसणारी प्रक्षेपणंही २०२२ पर्यंत देशभरात जवळजवळ सगळी बंद झाली. गच्चीवर अजून ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा ॲन्टेना दिसत असेल तर त्यावर आता कावळेच बसतात.

तरी बदल थांबलेला नाही. कुठे केबलवाल्याने धंदा गुंडाळलेला असतो, कुठे डबा जळतो आणि तसा नवीन मिळत नाही. काही घरी मुलगा दिवाळीला स्मार्ट टीव्ही आणून ठेवतो आणि भाऊबीज झाली की निघून जातो. काही आजोबांनी तर महिन्याचं बिल परवडेना म्हणून टीव्हीच बंद करून ठेवलेला असतो आणि हे ते कुणाला सांगत नाहीत. तुम्हीच सहज विचारायचं, "आजोबा, हल्ली तुमच्याकडून बातम्यांचा आवाज येत नाही?"

केबल, छत्री (म्हणजे गच्चीवरची डिश), फ्री डिश की स्मार्ट टीव्ही? कुणाला काय घ्यावं?

आधी डब्याचं बोलू नका, बघणाऱ्याचं बोला. आजी दिवसभरात काय बघतात? किती वाजता? कोणती मालिका चुकली तर त्यांना चुकचुकल्यासारखं होतं? एका कागदावर त्यांच्या पाच-सहा वाहिन्या लिहून घ्या. एकेका माणसाची यादी खरंच एवढीच असते.

यादीत सह्याद्री, बातम्या, भजन-कीर्तन आणि एखादा जुना सिनेमा एवढंच असेल, तर दूरदर्शनची फ्री डिश पुरते. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. छत्री, डबा आणि बसवणावळ मिळून एकदाच सुमारे दोन हजार रुपये जातात. आकाशवाणीची केंद्रंही तिच्यावर ऐकू येतात, हे अंध माणसांना आवर्जून सांगा. एक गोष्ट मात्र आधीच बोलून ठेवा. फ्री डिशवर खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने मिळते. आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही. शिवाय काही वाहिन्या फक्त एमपेग-४ प्रकारच्या डब्यावर येतात, म्हणून एम. जी. रोडवर घ्या नाहीतर कुठेही घ्या, दुकानात डबा घेताना तो प्रकार विचारूनच घ्या.

रात्री सातपासून दहापर्यंतच्या मराठी मालिका हाच ज्यांचा दिवस असतो, त्यांना फ्री डिश बसवून देऊ नका. पैसे वाचतील, पण आजी तीन दिवसांत कोमेजतील. त्यांना केबल किंवा पैसे भरून मिळणारी छत्रीच ठीक. दोन्हींत मी केबलकडे झुकतो, पण केबलवाला गल्लीतला आणि हाकेला धावणारा असेल तरच. ओळखीचा माणूस दार वाजवतो, आजी त्याला नावाने ओळखतात, ही मोठी सोय आहे.

स्मार्ट टीव्ही एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी मी शेवटचा पर्याय मानतो. त्यात चॅनेल लावण्याआधी तीन पडदे ओलांडावे लागतात, इंटरनेट गेलं की सगळं अडतं, आणि पैसे कापले जाण्याच्या वाटा वाढतात. घरात आधीच आला असेल तर तो फक्त पडदा म्हणून वापरा आणि डबा त्याला जोडा. टीव्ही चालू होताच थेट डब्याचंच चित्र यावं अशी सोय बहुतेक टीव्हींच्या सेटिंगमध्ये असते. ती शोधून चालू करा.

जुना, जाड टीव्ही टाकून द्यावा लागेल का?

नाही. पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिनांची जागा मागे असेल तर त्या टीव्हीला डबा जोडता येतो. नव्या डब्याला फक्त एचडीएमआयची जागा असेल तर मधे काहीशे रुपयांचा कन्व्हर्टर लागतो. "टीव्हीच बदलावा लागेल" असं कुणी म्हटलं तर आधी मागची बाजू स्वतः बघा. पण जाड टीव्हीचं मागचं झाकण कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आत विजेचा जोरदार भार शिल्लक असतो.

महिन्याला खर्च किती? बिल कमी करता येतं का?

बऱ्याच घरी येतं. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नव्या चौकटीत प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करावी लागते आणि ग्राहकाला एकेक वाहिनी सुटी निवडता येते. बिलात ढोबळ तीन भाग असतात : जोडणीचं शुल्क, सशुल्क वाहिन्यांचे पैसे आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. जोडणीच्या शुल्कावर आधी १३० रुपयांची मर्यादा होती, ती २०२४ मध्ये ट्रायने काढली. त्यामुळे आता कंपन्यांचे दर ताडून बघणं जास्त गरजेचं झालं आहे.

जेल रोडला प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांच्या पॅकमध्ये तमिळ, बंगाली, लहान मुलांच्या आणि खेळांच्या वाहिन्या होत्या. काका बघत होते पाच. त्यांचा कागद घेऊन बसलो, नको ते काढलं, आणि बिल निम्म्याच्या खाली आलं. काकूंनी त्या दिवशी चहाबरोबर चिवडा दिला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ही कुणाची पोरं बघत होतो?"

वर्षभराचा रिचार्ज एकदम करायला सांगतात, सूट दाखवतात. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मी एक किंवा तीन महिन्यांचाच करतो. माणूस मुलाकडे राहायला जातो, दवाखान्यात भरती होतो. थोड्या दिवसांसाठी सेवा थांबवायची असेल तर तशी विनंती कंपनीकडे करता येते, नुसतंच रिचार्ज वाया घालवू नका.

दाराशी कुणी आलं आणि म्हणालं, "सरकारी योजनेतून फुकट बॉक्स मिळतोय, आधार दाखवा, अंगठा द्या." खरं असतं का?

दार उघडू नका, आणि अंगठा तर अजिबात देऊ नका.

सरकारची अशी एक योजना खरोखर आहे, म्हणूनच लोक फसतात. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसारणासाठी 'बाइंड' नावाची योजना मंजूर केली. तिच्यात आठ लाखांहून अधिक फ्री डिश डबे फुकट वाटायचं ठरलं, पण ते दुर्गम, आदिवासी, सीमेवरच्या आणि नक्षलग्रस्त भागांसाठी. पंचवटीत किंवा सातपूरला फाइल घेऊन दारोदार फिरणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही.

अंगठ्याचं एवढं का, तेही नीट समजावून सांगा. बँक खात्याला आधार जोडलेलं असेल तर नुसत्या अंगठ्याच्या ठशावर खात्यातून पैसे काढता येतात. खेडोपाडी पेन्शन मिळावी म्हणून ही चांगली सोय झाली, पण चोरालाही ती ठाऊक आहे. एम-आधार ॲपमध्ये बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात. जिथे अंगठ्याने पैसे काढायची गरज नाही, तिथे आजींच्या मुलाला किंवा मुलीला फोन लावून हे त्यांच्याकडूनच करून घ्या.

फोन येतो, "तुमचा सेट टॉप बॉक्स आज रात्री बंद होईल, केवायसी करा." काय करायचं?

फोन ठेवायचा. आजींना एवढंच पाठ करून द्या : "माझा शेजारी बघतो ते," असं म्हणायचं आणि लाल बटण दाबायचं. समोरच्याशी वाद घालायचा नाही, उद्धट वाटेल याची काळजी करायची नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं फोनवरच्या अनोळखी माणसालाही "बाळा" म्हणतात आणि मध्येच फोन ठेवणं त्यांना असभ्य वाटतं. भामटे नेमके याच सभ्यतेवर जगतात.

हे फोन साधारण चार चालींनी चालतात. एकात ओटीपी मागतात. दुसऱ्यात "मदत करतो" म्हणून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं ॲप टाकायला लावतात, त्यातून त्यांना आपला मोबाइल तिकडे बसून दिसतो. तिसऱ्यात व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाइल पाठवतात, ती उघडली की एसएमएस परस्पर वाचले जातात. चौथ्यात "जास्तीचे पैसे परत करायचे आहेत, कोड स्कॅन करा" म्हणतात. इथे एकच नियम लक्षात ठेवायला सांगा : पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे द्यायला लागतो.

आणखी एक सापळा आपणच लावून घेतो. डबा बिघडला की इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधतो, आणि वर येतो तो भामट्याचा. म्हणून डबा चालू असतानाच खऱ्या बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून नंबर घ्या, जाड अक्षरांत कागदावर लिहा आणि टीव्हीच्या मागे चिकटवा. आमच्या गल्लीत प्रत्येक डब्याखाली असा कागद आहे. त्याच्यावर सगळ्यात वर शेजाऱ्याचा नंबर असतो, कंपनीचा त्याखाली.

कंपनीचा माणूस खरोखर घरी येणार आहे. तेव्हा काय काळजी घ्यायची?

आपण फोन केला म्हणून तो येतोय ना, हे आधी बघा. तक्रार नोंदवल्यावर मिळालेला क्रमांक त्याच्या तोंडून ऐका आणि ओळखपत्र बघा. तो घरात असेपर्यंत तुम्ही तिथेच थांबा. आजींना चहा करायला आत जाऊ देऊ नका, चहा तुमच्या घरून आणा. चित्र दिसल्यावरच पैसे द्यायचे आणि पावती घ्यायची. ड्रिलिंग चालू असताना कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत तेवढं आजींना हळूच विचारून ठेवा.

पण मदत करणाऱ्या शेजाऱ्यावर तरी विश्वास का ठेवावा?

हा प्रश्न आम्हाला एका आजींच्या लेकीने परगावाहून फोनवर विचारला होता आणि तिने विचारला ते बरं केलं. तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळतो.

एकट्याने कुणाच्या घरी जात नाही, दोघं जातो, आणि एकट्या बाईमाणसाच्या घरी जाताना दोघांतली एक बाईच असते. जाण्याआधी मुलाला किंवा मुलीला कळवतो. पैशाला हात लावत नाही. "तूच भर बाळा, पिन सांगते" असं आजी म्हणाल्या तरी मोबाइल त्यांच्याच हातात ठेवतो आणि पिन टाकताना तोंड फिरवून उभे राहतो. कार्ड, पासबुक, आधार यांचे फोटो आमच्या मोबाइलमध्ये घेत नाही. डबा त्यांच्याच नावावर घेतो, आमच्या नंबरावर नाही, नाहीतर उद्या आम्ही घर बदललं की त्यांचे ओटीपी आमच्याकडे येत राहतील.

आणि विचारल्याशिवाय काही बदलत नाही. टीव्ही कुठे ठेवायचा, आवाज किती, गणपतीच्या फोटोशेजारी वायर गेली तर चालेल का, हे सगळं त्यांना विचारूनच करतो.

डोळ्यांना दिसत नाही किंवा अगदी अंधुक दिसतं, त्यांना रिमोट कसा शिकवायचा?

बोटांनी. बऱ्याच रिमोटांवर ५ च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, मोबाइलच्या जुन्या कीपॅडवर असायचा तसाच. तो आधी अंगठ्याने शोधायला लावा. तिथून वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. चालू-बंदच्या बटणावर आणि आवाजाच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड थेंब टाका आणि वाळू द्या. टिकली टिकत नाही, आठवड्यात पडते.

मग वाहिन्यांचे क्रमांक पाठ करून घ्या. सातपूरचे एक अंध काका आमच्यापेक्षा जलद चॅनेल लावतात, कारण त्यांना अकरा वाहिन्यांचे क्रमांक पाठ आहेत. एकदा डबा बदलल्यावर सगळे क्रमांक बदलले, तेव्हा त्यांना जे वाटलं ते आपण दिसणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं. घरातलं सामान कुणी रातोरात हलवून ठेवावं तसं. नवीन डबा लावल्यावर त्यांच्याबरोबर बसून नवे क्रमांक मोठ्याने म्हणत पाठ करा, मोबाइलवर आवाजात नोंदवून ठेवा, ते पुन्हा पुन्हा ऐकतील.

अँड्रॉइड किंवा गूगल टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये टॉकबॅक नावाची सोय आहे, ती पडद्यावरचं लिखाण वाचून दाखवते. अंधुक दिसत असेल तर टीव्हीच्या समोरचा दिवा बाजूला हलवा. बऱ्याच वेळा अडचण डोळ्यांपेक्षा पडद्यावर पडणाऱ्या उजेडाचीच असते.

ऐकू कमी येतं. आवाज इतका मोठा होतो की भांडणं होतात.

वाड्यात तर फारच होतात, कारण भिंती सामायिक. ब्लूटूथचे हेडफोन नव्या टीव्हीला लागतात. जुन्या टीव्हीला लांब वायरचे साधे. त्यांना मोठं ऐकू येतं, शेजारी झोपतो. श्रवणयंत्र असेल तर ते बसवणाऱ्या तज्ज्ञाला आधी विचारा, त्यातल्या काहींना टीव्हीचा आवाज थेट जोडता येतो.

अजिबात ऐकू न येणाऱ्यांसाठी आपल्याकडे खरंच फार कमी आहे, आणि याचा मला राग येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ मध्ये दूरचित्रवाणीवर खुणांची भाषा आणि पडद्यावर अक्षरं यांची सोय व्हावी असं लिहिलं आहे. २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्याची मानकंही काढली. तरी मराठी मालिकेखाली मराठी अक्षरं दिसणं आजही विरळाच. दूरदर्शनवर खुणांच्या भाषेतलं बातमीपत्र असतं, त्याची वेळ बघून कागदावर लिहून द्या. आणि आवडत्या वाहिनीला पत्र लिहा. शंभर पत्रं गेली तर कुणीतरी वाचेल.

हात थरथरतात, किंवा माणूस खुर्चीवरच आहे.

रिमोटला मागे वेल्क्रो लावा आणि खुर्चीच्या हातावर चिकटवा, पडणारच नाही. थरथरणाऱ्या हाताला बारीक बटणं सापडत नाहीत, मोठ्या बटणांचा रिमोट वेगळा मिळतो. टीव्ही आणि डब्याचा खटका जमिनीलगतच्या बोर्डवर असेल तर तो वाकून बंद करण्यातच माणूस पडतो. हाताच्या उंचीवर एक्स्टेंशन बोर्ड भिंतीला स्क्रूने पक्का करा. वायर चालण्याच्या वाटेत येऊ देऊ नका, सतरंजीखालून तर नकोच. व्हीलचेअरचं चाक वायरवरून दहा वेळा गेलं की आतला तार उघडा पडतो.

विसरायला लागलेल्या माणसाला नवीन काही शिकवता येतं का?

थोडं. पण त्याहून चांगलं म्हणजे जुनं शक्य तितकं तसंच ठेवायचं. टीव्ही त्याच कोपऱ्यात, खुर्ची तीच, सकाळी सहाला तीच अभंगांची वाहिनी. डब्यात आवडत्या वाहिन्यांची यादी करता येते. तिच्यात चारच ठेवा आणि वरखाली करायच्या बटणाने त्या चारच फिरतील असं बघा.

पंचवटीतल्या एका आजींना बातम्यांमधला पूर बघून तो आपल्याच दारात आला असं वाटायचं आणि त्या रात्री सामान बांधून बसायच्या. गंगेकाठी, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, आयुष्य काढलेल्या माणसाला पूर म्हणजे काय ते आपण काय सांगणार. त्यांच्या सुनेने बातम्यांच्या वाहिन्यांना पिन लावून टाकला. चिडून रिमोट हिसकावून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दोन रिमोटांचा घोळ कसा संपवायचा?

डब्याच्या रिमोटवर बहुतेक वेळा टीव्ही चालू-बंद आणि आवाज यांची बटणं 'शिकवता' येतात. दोन्ही रिमोट समोरासमोर धरून करायचं ते काम आहे, कृती डब्याबरोबरच्या पुस्तिकेत असते. दहा मिनिटं लागतात. ते केलं की टीव्हीचा रिमोट सेल काढून फडताळात ठेवा. फेकू नका, कधीतरी लागतो.

"पडद्यावर काहीतरी इंग्रजी आलंय आणि चित्र गेलं."

दहातल्या आठ वेळा 'नो सिग्नल' असतं, कारण चुकून सोर्सचं बटण दाबलं गेलं. ते पुन्हा पुन्हा दाबत गेलं की चित्र येतं. त्यावर सेलोटेपचा तुकडा चिकटवून टाका. आवाज अचानक हिंदी-इंग्रजी झाला असेल तर रिमोटवरचं भाषेचं बटण लागलं. आणि काहीच होत नसेल तर डब्याचा प्लग काढून मिनिटभर थांबून पुन्हा लावायचा. यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

पावसाळ्यात छत्रीचं चित्र जातं, तेव्हा?

जोराचा पाऊस आणि दाट ढग यांमधून उपग्रहाचा सिग्नल क्षीण होतो. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. छत्री हलवायला कुणी गच्चीवर जाऊ नये. निसरड्या गच्चीवरून पडलेलं म्हातारं हाड जुळत नाही. पाऊस थांबूनही दिवसभर चित्र आलं नाही तर छत्री वाऱ्याने फिरली असेल. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे नाशकातून छत्रीचं तोंड आग्नेयेला हवं. त्या दिशेला नवीन इमारत किंवा आंब्याची फांदी आडवी आली आहे का तेवढं खालून बघा, बाकी बसवणाऱ्याला बोलवा.

विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायचाच, पण छत्रीकडून येणारी वायरही डब्यातून काढायची. लोक ती विसरतात.

नदीकाठच्या घरांत बोर्ड, डबा, कन्व्हर्टर सगळं उंच ठेवा. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की काठावरची दुकानं रिकामी व्हायला लागतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं हे घराबाहेर न पडणाऱ्या माणसाला टीव्हीवरच कळतं, आणि नेमकं त्याच पावसात छत्रीचं चित्र जातं. म्हणून अशा घरी सेलवर चालणारा छोटा रेडिओ ठेवायला सांगा आणि सेल दर आषाढात बदला.

वाड्याच्या भिंतीला छत्री ठोकली तर चालेल का?

माती-विटांच्या जुन्या भिंतीला नको. ओली भिंत ढिली होते, वाऱ्याच्या ताणाने विटा निघतात. जमिनीवर जड पायावर उभी करता येते, किंवा पक्क्या कठड्याला. आणि घरमालकाला आधी विचारा. भाडेकरू-मालक वाद आधीच चालू असेल तर छत्री हे निमित्त होतं.

स्मार्ट टीव्हीवरून खात्यातून आपोआप पैसे कापले जातात.

फुकट महिना म्हणून सुरू केलेलं ॲप पुढे दर महिन्याला पैसे घेत राहतं. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून भाग असतो, तिथे चालू असलेल्या परवानग्या दिसतात आणि रद्दही करता येतात. अशी रक्कम कापण्याच्या २४ तास आधी संदेश यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण आजींचे संदेश वाचतं कोण? महिन्यातून एकदा त्यांच्याबरोबर बसून वाचा. टीव्हीत कार्ड साठवलेलं असेल तर काढून टाका.

फसवणूक झालीच तर?

लगेच १९३० वर फोन. मिनिटं मोलाची असतात, पैसा पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आला तर येतो. त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं नुकसान, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवा. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार, किंवा नाशिक शहर पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात. भामट्याचा नंबर, व्हॉट्सॲप, काहीही पुसू नका. टाकलेलं ॲप काढण्याआधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा.

आणि रागावू नका. माझ्या स्वतःच्या मावशीने अठरा हजार रुपये गेल्याचं आठ महिने कुणाला सांगितलं नाही. मुलं म्हणतील "आता तुला काही कळत नाही", आणि मोबाइल काढून घेतील, या भीतीने. त्या आठ महिन्यांत तिने औषधांचे पैसे वाचवले. हे कळलं तेव्हा मला पैशांपेक्षा त्या गोळ्यांचं वाईट वाटलं. म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी प्रत्येक घरी सांगतो : चुकलं तरी आधी आम्हाला सांगा, आम्ही तुमच्या मुलांना तुमच्या परवानगीशिवाय सांगणार नाही. मन मोकळं करायलाच कुणी हवं असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइनही आहे.

कंपनी ऐकत नाही. तक्रार कुठे?

आधी कंपनीच्याच क्रमांकावर, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. नाही सुटलं तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र पाठवून महिने घालवू नका.

जुना टीव्ही भंगारवाल्याला द्यायचा का?

जाड टीव्हीच्या काचेत शिसं असतं आणि ती फोडली की विषारी धूळ उडते. घंटागाडीत ढकलू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला किंवा नवीन टीव्ही घेताना त्याच दुकानदाराला द्या.

बसवून झालं. पुन्हा किती वेळा जायचं?

दुसऱ्या दिवशी जा, पण रिमोटला हात लावू नका, त्यांनाच लावायला सांगा आणि कुठे अडतात ते बघा. मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग पंधराव्या दिवशी. दुपारी एक ते चार झोपायची वेळ असते, तेव्हा नको. संध्याकाळी दिवेलागणीनंतर मालिका सुरू व्हायच्या आधी जा. पंधराव्या दिवशी आजी रिमोट उचलून स्वतः सह्याद्री लावतात आणि तुमच्याकडे न बघता म्हणतात, "बस, चहा टाकते." तेव्हा थोडा वेळ बसा.